फोन काढून घेणं हा उपाय नव्हे : मुलींच्या फोटोचा गैरवापर आणि कायद्याने दिलेला मार्ग

एखाद्या मुलीचा फोटो सोशल मीडियावरून कुणी उचलला, त्यावर घाणेरडा मजकूर लिहिला किंवा एआयच्या मदतीने त्यात बदल करून तो पसरवला, तर तिच्या घरात पुढे काय होतं? बहुतेक घरांत पहिली शिक्षा मुलीलाच होते. आधी फोन जातो, मग क्लास बंद होतो आणि कॉलेजचा प्रश्न ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणून लांबणीवर पडतो. फोटो पसरवणारा मात्र आपल्या घरी निवांत बसलेला असतो.

आम्ही शाळेत शिकवतो. आठवीपासून बारावीपर्यंतच्या मुलींशी रोजचा संबंध येतो. यांपैकी कित्येक जणींना धमकीपेक्षा ‘अब्बूंना कळलं तर’ याचीच भीती जास्त असते, हे आम्ही पाहिलं आहे. ब्लॅकमेल करणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं. त्याची सगळी ताकद या भीतीत आहे. म्हणून या लेखात आम्ही दोन गोष्टी सांगणार आहोत. हा सगळा बाजार चालतो कसा, ही पहिली. आणि कायद्याने आपल्या हाती नेमकं काय दिलं आहे, ही दुसरी.

दोन ॲप आणि मधले सहा महिने

जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ नावाचं ॲप उघडकीस आलं. प्रोग्रामर मंडळी आपला कोड ठेवतात त्या गिटहब नावाच्या संकेतस्थळावर ते बनवलं होतं. मुस्लिम महिलांचे फोटो त्यांच्याच सोशल मीडिया खात्यांवरून उचलून ‘आजची डील’ म्हणून त्यांचा खोटा लिलाव मांडला होता. त्यात पत्रकार होत्या, सामाजिक कार्यकर्त्या होत्या, एक वैमानिकही होती. खरी विक्री वगैरे काही नव्हती. हेतू एकच, शिकलेल्या आणि बोलणाऱ्या मुस्लिम बाईला चारचौघांत हलकं करायचं.

दिल्ली पोलिसांनी गुन्हा नोंदवला. पण त्यानंतरच्या सहा महिन्यांत एकालाही अटक झाली नाही.

मग १ जानेवारी २०२२ ला तोच प्रकार ‘बुली बाई’ या नावाने पुन्हा झाला. या वेळी शंभराहून अधिक महिलांचे फोटो होते. महिला गप्प बसल्या नाहीत. त्यांनी मुंबईत आणि दिल्लीत तक्रारी दिल्या. तेव्हाच्या शिवसेनेच्या राज्यसभा खासदार प्रियांका चतुर्वेदी यांनी हा विषय लावून धरला. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने काही दिवसांतच बंगळुरू आणि उत्तराखंडमधून आरोपी पकडले. दिल्ली पोलिसांनी आसाममधून एकाला उचललं आणि त्यापाठोपाठ ‘सुल्ली डील्स’ बनवल्याच्या आरोपावरून इंदूरमधून एक तरुण पकडला गेला. आरोपी कोण होते? बहुतेक जण अठरा ते पंचवीस वयाचे, काही तर कॉलेजात शिकणारे.

आमच्या मते या प्रकरणातून शिकण्यासारखी गोष्ट ही की जुलैत आणि जानेवारीत कायदा एकच होता, नवं कलम आलेलं नव्हतं. फरक पडला तो तक्रारींचा रेटा आणि पोलिसांची इच्छाशक्ती यांमुळे. पहिल्या वेळी कुणालाच हात लागला नाही, म्हणून दुसऱ्यांची हिंमत वाढली. आपण घरात तक्रार दाबतो तेव्हाही असंच होतं. त्याच मुलाला पुढची मुलगी सापडते.

फोटोतून पैसा कसा होतो

‘लोकांना यातून मिळतं काय?’ असं पालक विचारतात. उत्तर आहे लक्ष, म्हणजेच लोकांच्या नजरा. इंस्टाग्राम, यूट्यूब, एक्स ही सगळी माध्यमं आपल्याला फुकट वाटतात, पण त्यांची मुख्य कमाई जाहिरातींची आहे. लोक जितका वेळ स्क्रीनवर थांबतील, तितक्या जाहिराती दिसणार. राग, किळस आणि चटोरपणा या तीन गोष्टी माणसाला थांबवतात. त्यामुळे असा मजकूर आपोआप वर येतो. कंपनीने ठरवून कुणाची बदनामी केली असं नसतं, पण यंत्राला इज्जत कळत नाही, आकडा कळतो.

अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा डीपफेक व्हिडिओ नोव्हेंबर २०२३ मध्ये देशभर फिरला. दुसऱ्याच एका महिलेच्या व्हिडिओवर रश्मिका यांचा चेहरा बसवला होता. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एका तरुणाला अटक केली. आपल्या फॅन पेजचे फॉलोअर वाढावेत म्हणून त्याने हे केलं, असं पोलिसांनी सांगितलं.

आता तर असं करायला कौशल्यही लागत नाही. साध्या फोटोतले कपडे ‘काढून’ दाखवणारी ॲप निघाली आहेत आणि त्यांच्या जाहिराती मोठ्या माध्यमांवरच दिसत होत्या. फेसबुक-इंस्टाग्रामची मालक असलेल्या मेटा कंपनीने जून २०२५ मध्ये अशा ॲपमागच्या हाँगकाँगमधल्या एका कंपनीवर दावा ठोकला. जानेवारी २०२६ मध्ये एक्सवरच्या ‘ग्रोक’ या एआयला सांगून लोक महिलांचे फोटो अश्लील करून घेऊ लागले, तेव्हा भारत सरकारला एक्सला नोटीस पाठवावी लागली.

म्हणून ‘माझी मुलगी बुरख्यात असते, तिला काय होणार’ किंवा ‘आमची साधी आहे, असले फोटो टाकतच नाही’ हा दिलासा आता पुरत नाही. शाळेच्या बक्षीस समारंभातला एक साधा चेहराही पुरेसा असतो. आणि फोटो साधा होता म्हणजे चूक मुलीची नव्हतीच, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू.

कंपनी जबाबदार का धरली जात नाही?

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, म्हणजे आयटी ॲक्ट २००० चं, ७९ वं कलम कंपन्यांना संरक्षण देतं. लोकांनी टाकलेल्या मजकुराबद्दल माध्यम लगेच गुन्हेगार ठरत नाही. पोस्टमनने आणलेल्या पाकिटात काय आहे याला पोस्टमन जबाबदार नाही, तसंच हे. पण या संरक्षणाला अट आहे. बेकायदा मजकुराची माहिती मिळाल्यावर तो हटवला पाहिजे. ‘माहिती मिळाली’ म्हणजे काय, हे सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात मार्च २०१५ मध्ये स्पष्ट केलं. न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आला तर माहिती मिळाली, असं समजायचं. कुणीही उठून तक्रार केली म्हणून कंपनीने पोस्ट उडवत सुटू नये, नाहीतर बोलण्याचं स्वातंत्र्यच राहणार नाही, हा त्यामागचा विचार. तो योग्यच आहे.

मात्र २०२१ च्या आयटी नियमांनी यात एक महत्त्वाचा अपवाद केला आणि नेमका तोच आपल्या लोकांना माहीत नाही. एखाद्या व्यक्तीचे खाजगी अवयव दाखवणारा, नग्न किंवा अर्धनग्न, लैंगिक कृत्याचा, अथवा तिच्या रूपाची नक्कल करणारा, त्यात बनावट जोडलेला फोटोही आला, असा मजकूर असेल तर न्यायालयाच्या आदेशाची गरज नाही. ती व्यक्ती स्वतः किंवा तिच्या वतीने दुसरं कुणीही थेट कंपनीकडे तक्रार करू शकतं. ‘तिच्या वतीने दुसरं कुणीही’ हे शब्द लक्षात ठेवा. अम्मी करू शकते, भाऊ करू शकतो, शिक्षकही करू शकतात. २०२१ मध्ये यासाठी २४ तासांची मुदत होती. फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ती २ तासांवर आणली आहे. एआयने बनवलेल्या मजकुरावर तसं लेबल लावणंही त्याच दुरुस्तीने बंधनकारक केलं.

एक फरक मात्र समजून घ्यावा. ‘बुली बाई’सारख्या प्रकारात फोटो नग्न नव्हते, अपमान भोवतीच्या मजकुरात होता. अशा वेळी वरची जलद तरतूद लागू होईलच असं नाही. तिथे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे साधी तक्रार आणि जोडीला पोलीस तक्रार, असा दुहेरी रस्ता धरावा लागतो.

तक्रार करायची कशी?

पहिलं काम, पुरावा जपणं. घाबरून चॅट डिलीट करू नका, खातं बंद करू नका. पोस्टची पूर्ण लिंक, खात्याचं नाव, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. पण मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर अश्लील फोटोच्या प्रती काढू नका आणि साठवू नका. लिंक आणि खात्याचं नाव लिहून ठेवा आणि थेट पोलिसांकडे जा. आयटी ॲक्टच्या ६७-ब कलमाखाली लहान मुलांचा असा मजकूर पाठवणं तर गुन्हा आहेच, डाउनलोड करणंही गुन्हा आहे. मामूंना, चाचूंना ‘हे बघा काय झालं’ म्हणून तो फोटो पुढे पाठवणं हा तर मुलीवर दुसरा अन्याय झाला.

दुसरं, माध्यमाकडे तक्रार. नुसतं ‘रिपोर्ट’ दाबून थांबू नका. परवानगीशिवाय टाकलेला अश्लील फोटो किंवा दुसऱ्याच्या नावाने काढलेलं खातं, यांपैकी योग्य कारण निवडा. प्रत्येक मोठ्या माध्यमाला भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याची माहिती ॲपवर किंवा संकेतस्थळावर असते. त्याला लेखी तक्रार पाठवून तक्रार क्रमांक जपून ठेवा.

कंपनीने दाद दिली नाही किंवा नकार दिला, तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. मार्च २०२३ पासून हे काम ऑनलाइन चालतं. पत्ता आहे जीएसी डॉट जीओव्ही डॉट इन.

तिसरं, पोलीस. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन इथे, महिला आणि मुलांसंबंधीच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे. तिथे नाव न सांगताही माहिती देता येते. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. तातडीचा धोका वाटला तर ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८.

प्रत्यक्ष ठाण्यात गेलात तर ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ किंवा ‘सायबरला जा’ असं ऐकावं लागू शकतं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ इथे कामी येतं. गुन्हा कुठेही घडो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. पाठलाग, चोरून चित्रण, स्त्रीच्या सन्मानाला धक्का अशा गुन्ह्यांत तिची तक्रार महिला पोलीस अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची आहे. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ऑनलाइन तक्रार पाठवली तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. ठाण्यात नोंदच घेतली नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी किंवा पोस्टाने कळवा, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. आयटी कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. पण ‘साहेब नाहीत’ हे तक्रार न घेण्याचं कारण होऊ शकत नाही.

तक्रार अर्जात कलमं लिहायची सक्ती नाही, ते पोलिसांचं काम. तरी माहीत असलेली बरी. खाजगी अवयवांचे चित्रण किंवा प्रसारण, आयटी ॲक्ट ६६-ई, तीन वर्षांपर्यंत कैद. अश्लील मजकूर, कलम ६७, पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत. लैंगिक कृत्याचा मजकूर, ६७-अ, पाच वर्षांपर्यंत. भारतीय न्याय संहितेत ७८ वं कलम पाठलागासाठी, त्यात ऑनलाइन पाठलागही येतो, आणि ७९ वं कलम स्त्रीच्या सन्मानाला धक्का देण्यासाठी आहे. पैसे किंवा आणखी फोटो मागून धमकावलं तर खंडणी आणि धमकीची कलमं लागतात. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो कायदा.

धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नका. पैसे मिळाले की तो थांबत नाही, पुन्हा मागतो.

चौथं, फोटो अजून पसरला नसेल पण पसरवण्याची धमकी असेल, तर एक चांगली सोय आहे. अठरा वर्षांवरच्या व्यक्तींसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ आणि अठराखालच्यांसाठी ‘टेक इट डाउन’ या दोन मोफत सेवा आहेत. तुमचा फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. फोनवरच त्याचा एक अंकी ठसा तयार होतो आणि तेवढाच सहभागी माध्यमांना दिला जातो. बोटाच्या ठशावरून माणूस ओळखतात, तसा त्या ठशावरून तो फोटो ओळखून माध्यमं अडवतात. सगळीच माध्यमं यात नाहीत, व्हॉट्सॲपवरच्या खाजगी गप्पांवरही याचा इलाज नाही. पण मोठ्या माध्यमांवर उपयोग होतो.

पाचवं, वकील. खर्चाच्या भीतीने मागे हटू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. लहान मुलांनाही आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयात हे प्राधिकरण असतं. हेल्पलाइन क्रमांक १५१००.

कायदा कडक झाला, म्हणून सगळं झालं का?

मजकूर लवकर हटला पाहिजे, ही आपली मागणी रास्त आहे. पण याच फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशावर मजकूर हटवण्याची मुदत ३६ तासांवरून ३ तासांवर आणली. अत्याचाराच्या फोटोसाठी ही घाई हवीच. तीच घाई एखाद्या बातमीला किंवा सरकारवरच्या टीकेला लागू झाली तर? तीन तासांत कंपनी विचार करणार नाही, मजकूर उडवून मोकळी होईल. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलची कोणती बातमी खोटी, हे सरकारच्याच एका कक्षाने ठरवायचं, असा नियम २०२३ मध्ये आला होता. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो रद्द ठरवला, हे इथे आठवावं. अल्पसंख्याक समाजाला दोन्ही गोष्टी लागतात. आपल्या मुलींची अब्रू राखणारा कायदाही हवा आणि आपलं म्हणणं मांडायची मोकळीकही हवी. एकीच्या नावाखाली दुसरी जाऊ देऊ नये.

आणखी एक सांगायचं आहे, ते आपल्याच लहानमोठ्या पोर्टल आणि यूट्यूब चॅनेलवाल्यांना. अशा घटनेची बातमी करताना ‘फलाण्या मोहल्ल्यातली, अमुक शाळेतली’ असं लिहून मुलीची ओळख उघडी करू नका. बालक असेल तर पॉक्सोच्या २३ व्या कलमाने नाव, पत्ता, फोटो, शाळा, कुटुंब असं काहीही ओळख पटवणारं छापायला मनाई आहे. व्ह्यूज मिळतील, पण ती मुलगी आयुष्यभर ती बातमी वागवेल.

शाळांनीही सावध व्हावं. गुणवंत मुलींचे फोटो नाव, इयत्ता, गावासह फेसबुकवर टाकायची आपली हौस आहे. त्याआधी पालकांची आणि त्या मुलीची परवानगी घ्यावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, अंमल टप्प्याटप्प्याने होतो आहे. चांगली सवय लावायला अंमलाची वाट बघायची गरज नाही.

घरात काय करायचं?

मुलीवर तोहमत घेणाऱ्याला आपल्या दीनमध्ये किती कडक ताकीद आहे, हे सूरह नूर वाचणाऱ्याला सांगायला नको. ऐकीव गोष्ट पुढे नेणाऱ्यालाही तिथे सूट नाही. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला एखाद्या बहिणीचा फोटो ‘खरं आहे का हे?’ विचारत पुढे ढकलणं कशात बसतं, याचा ज्याने त्याने विचार करावा.

मुलांशी, म्हणजे मुलग्यांशीही, बोललं पाहिजे. बुली बाई प्रकरणातले आरोपी कुणाचे तरी हुशार, शिकणारे मुलगेच होते. वर्गातल्या मुलीचा फोटो एआयमध्ये टाकून मित्रांना हसवणं ही मस्करी नाही, गुन्हा आहे, हे आपल्या मुलग्याला पोलिसांकडून कळण्याआधी आपल्याकडून कळलेलं बरं.

मुलीशी बोलताना एक वाक्य आधीच, काही घडण्यापूर्वीच सांगून ठेवा : ‘काहीही झालं तरी आधी आम्हाला सांग, तुझा फोनही जाणार नाही आणि शिक्षणही थांबणार नाही.’ आणि वेळ आलीच तर हा शब्द पाळा. मुलीला ही खात्री असेल तर धमकी आल्याच्या दिवशीच ती तुमच्याकडे येईल. खात्री नसेल तर ती लपवत राहील, पैसे देत राहील, आणि तुम्हाला कळेल तेव्हा बराच उशीर झालेला असेल. दोन तासांत फोटो हटवायचा कायदा आहे, पण ते दोन तास मुलीने सांगितल्यावर आणि आपण तक्रार केल्यावरच सुरू होतात.